शेकहँड की पेनहोल्ड? दहा वर्षांच्या मुलीची ग्रिप ठरवताना

तुमचे प्रश्न तीन आहेत. मुलगी दहा वर्षांची आहे, सहा महिने क्लबात टेबल टेनिस खेळतेय, शेकहँड ग्रिपने, म्हणजे हस्तांदोलन केल्यासारखी बॅट धरून. पॅरिस ऑलिम्पिकमधले फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रनचे सामने पाहिल्यापासून ती घरी बॅट पेनहोल्ड, म्हणजे पेन धरावं तशी, धरते आणि क्लबातले सर 'नको' म्हणतात. तर तिला ग्रिप बदलू द्यायची का? पेनहोल्ड आता मागे पडली आहे का? आणि नवी बॅट घ्यायचीच आहे, तर हँडल कोणतं घ्यायचं?

मी बरीच वर्षं लहान मुलांना शिकवतो. माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं पुढे येतील. ग्रिप निवडणं म्हणजे बॅकहँड निवडणं. फोरहँड दोन्ही ग्रिपमध्ये जोरात मारता येतो, सर्व्हिस दोन्हींत टाकता येते, पुश (बॉल खालून हलकेच ढकलणं) दोन्हींत होतो. खरा फरक पडतो तो डाव्या कोपऱ्यात आलेल्या बॉलचं काय करायचं इथे. (मुलगी उजव्या हाताने खेळते असं धरून लिहितोय. डावखुरी असेल तर बाजू उलट करून वाचा.) म्हणून तिला कोणती ग्रिप आवडते, याच्या आधी तिचा बॅकहँड कोण शिकवणार हे बघा. पेनहोल्डचा आजचा बॅकहँड समोर उभं राहून, करून दाखवून शिकवणारं माणूस तुमच्या गावात नसेल, तर शेकहँडच राहू द्या. असेल, तर पेनहोल्डला माझा विरोध नाही.

पेनहोल्ड मागे पडली का, याचं उत्तर ऑलिम्पिकच्या यादीत बऱ्यापैकी मिळतं. टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये आलं 1988 साली. पुरुष एकेरीची पहिली सहा सुवर्णपदकं बघा: 1988 ला यू नाम-क्यू, 1996 ला लिऊ ग्वोलिआंग, 2004 ला र्यू सुंग-मिन, 2008 ला मा लिन, हे चौघं पेनहोल्डवाले. 1992 चा यान-ओव्ह वाल्डनर आणि 2000 चा काँग लिंगहुई, एवढे दोघं शेकहँडचे. त्यानंतर पारडं पूर्ण फिरलं. 2012 ला झांग जिके, 2016 आणि टोकियोला मा लाँग, 2024 ला फॅन झेंडाँग, सगळे शेकहँड. पेनहोल्डवाला वांग हाओ 2004, 2008 आणि 2012 अशा तीन ऑलिम्पिकमध्ये एकेरीच्या अंतिम फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा रौप्यावर थांबला.

त्याआधीचा काळ तर आशियात पेनहोल्डचाच होता. 1952 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. बॉल बॅटवर लागल्याचा आवाजच येईना, त्यामुळे समोरच्यांना बॉलचा अंदाज लागेना. त्या बॅटचीच चर्चा जास्त झाली, पण त्याच्या हातातली ग्रिप पेनहोल्ड होती. पुढे जपानचाच ओगिमुरा, चीनचे रोंग ग्वोतुआन आणि झुआंग झेडाँग, 1985 आणि 1987 चा विश्वविजेता जिआंग जिआलिआंग, अशी ती ओळ बरीच लांब चालली. 1987 ची स्पर्धा दिल्लीतच झाली होती.

मुलींसाठी पेनहोल्ड नसते असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. चीनची त्साओ यानहुआ 1983 आणि 1985 ची महिला विश्वविजेती, पेनहोल्ड. कोरियाची ह्युन जुंग-ह्वा 1993 ची विश्वविजेती, तीही पेनहोल्ड. लक्झेंबर्गकडून खेळणाऱ्या नी शिआलियान तर वयाच्या 61 व्या वर्षी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये पेनहोल्ड घेऊन उतरल्या आणि पहिली फेरी जिंकल्या. त्यांचा तो सामना मुलीला जरूर दाखवा. पाय कमी हलवून बॉल कुठे ठेवायचा, हे त्यात फार चांगलं दिसतं.

आता पारडं का फिरलं ते बघू, कारण तुमचा निर्णय यावरच ठरणार आहे.

जुन्या पद्धतीच्या पेनहोल्डमध्ये फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही बॅटच्या एकाच बाजूने खेळतात. बॅकहँडला मनगट आत वळवून बॉल पुढे ढकलायचा. हा ब्लॉक पटकन होतो, बॅट फिरवावी लागत नाही, अंगावर आलेल्या बॉललाही गोंधळ होत नाही. शेकहँडवाल्याला कोपरावर बॉल दिला की फोरहँड घेऊ की बॅकहँड, असं क्षणभर होतं. पेनहोल्डच्या ब्लॉकला ती अडचण कमी. पण त्या स्थितीत मनगट आधीच वाकलेलं असतं, त्यामुळे बॉलला खालून वर घासून टॉपस्पिन द्यायला जागाच उरत नाही. समोरच्याने बॅकहँड कोपऱ्यात दोन-तीन जड लूप (भरपूर टॉपस्पिनचे फटके) टाकले की पेनहोल्डवाला नुसता अडवत राहतो. त्यावर जपान आणि कोरियाच्या खेळाडूंचं उत्तर होतं पायांचं: डाव्या कोपऱ्यात उडी मारून जायचं आणि तिथूनही फोरहँडच मारायचा. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यातला र्यू सुंग-मिन बघा, जवळजवळ सगळं टेबल तो फोरहँडने झाकतो. बघायला थरारक, पण तसे पाय फार थोड्यांना मिळतात आणि तसा सराव रोज करवून घेणारी व्यवस्थाही लागते.

चीनने दुसरी वाट काढली. बॅटच्या मागच्या बाजूलाही रबर लावायचं आणि बॅकहँडला ती मागची बाजू वापरायची. यालाच रिव्हर्स बॅकहँड म्हणतात. लिऊ ग्वोलिआंगने तो मोठ्या सामन्यांत आणला, वांग हाओने तर बॅकहँडचं जवळजवळ सगळं काम त्यावरच चालवलं आणि 2009 साली विश्वविजेताही झाला. मा लिन जुना ब्लॉक आणि नवा बॅकहँड दोन्ही मिसळायचा. डावखुऱ्या शू शिनने पुढची दहा वर्षं ही ग्रिप जिवंत ठेवली. आणि मग फ्रान्सच्या माँपेलिए शहरातून फेलिक्स आला. पॅरिसला एकेरीत कांस्य जिंकलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. त्याचा बॅकहँड नीट बघा: फ्लिक (छोट्या बॉलवर मनगटाने झटका), टॉपस्पिन, काउंटर (टॉपस्पिनला उलटा टॉपस्पिन), सगळं मागच्या बाजूने, शेकहँडवाल्यासारखंच. म्हणजे ज्याला बघून तुमच्या मुलीला पेनहोल्ड हवीशी वाटली, त्याच्या ग्रिपचं खरं बळ रिव्हर्स बॅकहँडमध्ये आहे.

इथेच अडचण आहे. त्याच घरात वाढलेला त्याचा मोठा भाऊ अलेक्सी शेकहँड खेळतो. फेलिक्सला लहानपणी क्लबात पेनहोल्ड खेळणारा एक चिनी खेळाडू जवळून बघायला मिळाला. रोज डोळ्यांसमोर ती ग्रिप होती आणि काही चुकलं तर सांगणारं माणूस होतं. आपल्याकडचे नावाजलेले खेळाडू बघा: शरथ कमल, जी. साथियान, मनिका बत्रा, श्रीजा अकुला, ठाण्याची मधुरिका पाटकर, मुंबईची दिया चितळे, सगळे शेकहँड. त्यांना शिकवणारेही बहुतेक शेकहँडचेच. क्लबात तुमच्या मुलीच्या बाजूच्या टेबलावर खेळणारी सगळी मुलं शेकहँड. दहा वर्षांचं मूल ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतं, त्यामुळे हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. तुमचे सर 'नको' म्हणतात त्यामागेही बहुधा हेच असावं: आपल्याला जे स्वतःच्या हाताने करून दाखवता येत नाही, ते मुलीच्या गळ्यात घालायचं नाही. हा प्रामाणिकपणा आहे. त्याला जुनाट विचार समजू नका.

अजून एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे वजन. शेकहँडमध्ये बॅट पूर्ण पंजात बसते. पेनहोल्डमध्ये हँडल आखूड असतं आणि सगळा भार अंगठा, तर्जनी आणि मागच्या मधल्या बोटावर येतो. त्यात दोन्ही बाजूंना रबर लावलं की बॅटचं डोकं जड होतं. मोठ्या खेळाडूंनाही हा भार सवयीने पेलावा लागतो. दहा वर्षांच्या मनगटाला तो लवकर दमवतो, आणि मनगट दमलं की मूल बोटं आवळतं. बोटं आवळली की रिव्हर्स बॅकहँड होतच नाही.

तो कसा होतो हे थोडं जवळून सांगतो, म्हणजे घरी मुलगी करते ते बरोबर आहे का हे तुम्हालाही कळेल. चिनी पेनहोल्डमध्ये अंगठा आणि तर्जनी पुढच्या बाजूने हँडलच्या खांद्यांवर येतात, दोघांच्या टोकांत थोडं अंतर राहतं. उरलेली तीन बोटं मागे, थोडी वाकवून एकावर एक, आणि मधल्या बोटाची कड बॅटला टेकलेली. फोरहँड मारताना अंगठा बॅट दाबतो, तर्जनी सैल. जुना ब्लॉक करताना उलट: तर्जनी दाबते, अंगठा सैल. रिव्हर्स बॅकहँडला पुन्हा अंगठ्याने दाबायचं आणि तर्जनी सोडायची, तेव्हाच बॅटची मागची बाजू नीट टेबलाकडे झुकते आणि बॉल टेबलावर पडतो. तर्जनी घट्ट राहिली तर ती बाजू वरच्या दिशेला कलते आणि बॉल वर उडतो. मुलीला मागच्या बाजूने भिंतीवर किंवा टेबलावर दहा-बारा बॉल सलग मारायला सांगा आणि तुम्ही फक्त तर्जनीकडे बघा. नख पांढरं पडलं असेल तर ती आवळतेय. मागची तीन बोटं पंख्यासारखी पसरली असतील तर ती जपानी पद्धतीची पकड झाली. तिच्यात फोरहँड जोरदार बसतो, पण मागची बाजू वापरायला जागा राहत नाही. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांत या दोन पद्धतींची खिचडी हमखास दिसते.

शेकहँडकडे वळतो, कारण बहुतेक वाचणाऱ्यांच्या कामाची तीच आहे. शिवाय माझ्या अनुभवात शेकहँड की पेनहोल्ड यापेक्षा शेकहँडच चुकीची धरल्यामुळे खेळ अडलेली मुलं कितीतरी जास्त असतात.

मधलं बोट, अनामिका आणि करंगळी हँडलभोवती. तर्जनी बॅकहँडच्या बाजूला, रबराच्या खालच्या कडेला समांतर आडवी. अंगठा फोरहँडच्या बाजूला, हँडलवर किंवा रबराच्या अगदी काठावर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा बॅटच्या धारेच्या सरळ रेषेत यायला हवा. हा खळगा एका बाजूला सरकला की एक फटका सोपा होतो आणि दुसरा अवघड. मुलांना ज्या फटक्यात मजा येते तिकडे ग्रिप हळूहळू आपोआप सरकते, आणि महिन्याभराने 'हिचा बॅकहँड का बसत नाही' म्हणून आपण खांदे, पाय, सगळं तपासत बसतो. म्हणून मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मुलांना हात सरळ पुढे करून बॅट उभी धरायला सांगतो आणि धारेच्या बाजूने एका नजरेत ती रेष बघून घेतो. काही सेकंदांचं काम आहे. घरीही करता येईल.

पकड किती घट्ट? पिकलेला चिकू हातात धरावा इतपत. बॉल लागतो त्या क्षणी बोटं आपोआप आवळतात, लगेच परत सैल होतात. सतत आवळलेल्या हाताने मनगट फिरत नाही, आणि मनगट फिरलं नाही की स्पिन येत नाही. दुखणं सुरू होतं तेही तिथूनच: कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते म्हणणाऱ्या हौशी खेळाडूंची मूठ मी आधी बघतो.

तर्जनीची तक्रार सगळ्यांत जास्त. लहान मुलांचं हे बोट बॅटच्या मध्यावर चढतं. फोरहँडला त्याने आधार मिळतो, म्हणून मुलाला ते बरं वाटतं, पण बॅकहँडला बॉल बोटावरच येतो. (नियमाने त्यात चूक नाही. बॅट धरलेल्या हातावर मनगटाच्या खाली बॉल लागला तर तो बॅटला लागल्यासारखाच धरतात. पण बोटावर लागलेला बॉल कुठे जाईल याचा भरवसा नाही.) तिची बॅट हातात घ्या आणि बॅकहँडच्या बाजूचं रबर उजेडात तिरकं धरून बघा. घामाने, बोटाच्या तेलकटपणाने जिथे डाग पडला आहे तिथे तिची तर्जनी असते. लाल रबरावर तो काळपट पट्टा स्पष्ट दिसतो. पट्टा खालच्या कडेला असेल तर छान. मध्याकडे चढत गेला असेल तर बोलायची वेळ आली. मुलं विचारल्यावर एक सांगतात आणि खेळताना दुसरं करतात, रबर मात्र महिनाभराची नोंद ठेवतं. यावर रागावून उपयोग नाही. बोट वर चढण्याचं कारण बहुतेक वेळा जड बॅट असते. बॅट हलकी केली की अर्धं काम होतं.

अंगठ्याचंही तसंच. बॅकहँड मारताना अंगठा किंचित वर सरकून रबराला टेकू देतो, ते ठीक आहे. अनेक चांगले खेळाडू ते करतात. पण फटका झाल्यावर तो खाली यायला हवा. तिथेच चढून बसला तर पुढचा फोरहँड बिघडतो.

तिसरी गोष्ट मनगटाची. बॅटचं टोक जमिनीकडे लोंबलेलं नसावं आणि छताकडे उचललेलंही नसावं. हात आणि बॅट साधारण एका ओळीत, टोक थोडंसं बाजूला. मूल टेबलाच्या मानाने बुटकं असेल तर ते टोक वर उचलतं, कारण टेबल 76 सेंटीमीटर उंच आणि कोपर जेमतेम त्याच्या वर. वाढीच्या वयात हे आपोआप सुधारतं, तेवढ्यासाठी मागे लागू नका. उंची कमी म्हणून ग्रिप बदलायची तर अजिबात गरज नाही. डेंग यापिंग दीड मीटर उंचीची होती, शेकहँड खेळायची, आणि 1992 व 1996 ची एकेरीची सुवर्णपदकं तिचीच.

सर्व्हिसला मात्र शेकहँडची पकड बदलावीच लागते, आणि हे मुलीला आत्तापासून शिकवा. खालची तीन बोटं हँडलवरून सोडून मागे मुडपायची, बॅट फक्त अंगठा आणि तर्जनीत धरायची. मनगट एकदम मोकळं होतं. पेनहोल्डवाल्यांना हे मोकळेपण जन्मजात असतं, टेबलावरच्या छोट्या बॉललाही त्यांचं मनगट छान चालतं. शेकहँडवाल्याने सर्व्हिसपुरतं ते उसनं घ्यायचं आणि बॉल सुटल्याबरोबर बोटं परत हँडलवर आणायची. हे परत आणणंच मुलं विसरतात. सर्व्हिस सुंदर पडते आणि तिसऱ्या बॉलला (समोरच्याने परत केलेल्या सर्व्हिसवरचा आपला पहिला फटका) बॅट हातात वळते. म्हणून सर्व्हिसचा सराव नुसत्या सर्व्हिसचा करू नये. सर्व्हिस, लगेच बोटं जागेवर, लगेच एक फोरहँड, असा जोडून करावा.

शेकहँड आणि पेनहोल्डशिवाय आणखीही पकडी आहेत. अमेरिकेच्या डॅनी सीमिलरने 1970 च्या दशकात गाजवलेली पकड बॅटच्या एकाच बाजूने दोन्हीकडचे फटके मारते आणि मागे स्पिन न घेणारं रबर ठेवून अधूनमधून बॅट उलटवते. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असावेत हा नियम 1980 च्या दशकात आला आणि त्यातला चकवा उघडा पडला. लहान मुलाला ती शिकवायचं काही कारण नाही.

आता हँडल. आपल्या दुकानांत तयार बॅट मिळतात त्यांचं हँडल बहुतेक फ्लेअर्ड, म्हणजे तळाशी रुंद होत गेलेलं. मुलीला तेच घ्या. करंगळीला तळाशी अडसर मिळतो, त्यामुळे बॅट निसटेल या भीतीने आवळावं लागत नाही. स्ट्रेट हँडलमध्ये हात वरखाली सरकवता येतो आणि बॅट बोटांत फिरवणं सोपं जातं. मनिका बत्राचे सामने बघताना लक्ष ठेवा: बॅकहँडला लाँग पिंपल्सचं (लांब दाण्यांचं) रबर असलेली बॅट ती रॅलीच्या मधेच उलटवते. असा खेळ पुढे करायचा असेल तेव्हा स्ट्रेटचा विचार करावा. मधे फुगीर असलेलं ॲनाटॉमिक हँडल मी मुलांना देत नाही, ते हाताला एकाच जागी बांधतं आणि हात तर दरवर्षी वाढणार आहे.

आकारापेक्षा जाडी महत्त्वाची. दुकानात मुलीला बॅट धरायला लावा. मधल्या बोटाचं टोक वळून अंगठ्याच्या मुळाजवळच्या मांसल भागाला हलकं टेकलं पाहिजे. दोन बोटांची फट उरली तर हँडल जाड आहे, ती नाइलाजाने मूठ आवळणार. हँडलचा वरचा भाग, जिथे खळगा टेकतो, तिथली लाकडाची कड बऱ्याचदा धारदार असते. कातडी सोलवटली की मुलं त्या जागेपासून हात लांब नेतात आणि ग्रिप बिघडते. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंच्या कडा हलक्या गोल करा. रबराला चिकटपट्टी लावून झाकून घ्या, भुसा रबरावर जाऊ देऊ नका. एवढ्या कामाने 'हात दुखतो' ही तक्रार गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

वजनाचं बोलायचं तर दोन्ही रबरांसकट बॅट 160 ते 170 ग्रॅममध्ये बसवा. 80 ग्रॅमच्या आसपासचं पाच थरांचं साधं लाकडी ब्लेड (रबर न लावलेली बॅट) आणि फार जाड नसलेला स्पंज. कार्बनची वेगवान बॅट कुणी भेट दिली तर कपाटात ठेवा, दोन-तीन वर्षांनी कामाला येईल.

आपल्या हवेत घामाचाही विचार करावा लागतो. कोकणपट्टीत नि मुंबईत पावसाळ्यात बंद हॉलमध्ये खेळताना हँडल निसटतं, मूल आवळतं, आणि वर्षभर बसवलेली पकड दोन महिन्यांत जाते. सरावात नॅपकिन टेबलाजवळच ठेवा. सामन्यातही दर सहा गुणांनंतर हात पुसायला नियमाने वेळ मिळतो, तो तिने घ्यावाच. हँडलवर टेनिससारखी टेप गुंडाळायची असेल तर अगदी पातळ घ्या, जाड टेपने आपण मघाशी निवडलेली जाडीच बदलते.

मोठ्या माणसांसाठी दोन ओळी, कारण असा प्रश्न सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळणारेही विचारतात. चाळीशीनंतर ग्रिपचा प्रकार बदलू नका. लहानपणी कुणी न शिकवता पेनहोल्ड धरली असेल आणि त्यात हात बसला असेल, तर तीच ठेवा आणि ब्लॉक पक्का करा. मौजेने मागच्या बाजूला रबर लावून बघायला हरकत नाही.

तुमच्या मुलीकडे परत येतो. सहा महिने म्हणजे काहीच नाही, तिचं काही बिघडलेलं नाही आणि निर्णयाची घाईही नाही. तिची हौस मोडू नका. मी असं करेन: क्लबात सरावाचा सगळा वेळ शेकहँड. घरी किंवा सत्र संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं पेनहोल्ड, पण एका अटीवर, की बॅकहँड मागच्याच बाजूने मारायचा. पुढच्या बाजूने ढकलायचा ब्लॉक सोपा असतो, मूल दोन दिवसांत त्यावर जातं आणि पुढे सगळा खेळ त्यात अडकतो. यासाठी तिची शेकहँडची बॅट चालणार नाही, हँडल लांब असल्याने मनगटाला टोचतं. स्वस्तातलं चिनी पेनहोल्ड ब्लेड ऑनलाइन मागवा, हलकं बघून, दोन्हीकडे पातळ स्पंजची साधी रबरं लावून घ्या.

तीन-चार महिन्यांनी दोन गोष्टी तपासा. मागच्या बाजूने समोरच्याशी वीस बॅकहँड सलग होतात का, आणि तिला अजूनही ते करावंसं वाटतंय का. दोन्हींचं उत्तर हो आलं, तर सरांना भेटा आणि पेनहोल्ड शिकवणारं कुणी पुण्या-मुंबईकडे शिबिरात किंवा सुट्टीत आठवडाभर बघायला मिळेल का, हे त्यांच्यामार्फत शोधा. मिळालं तर बाराव्या वर्षाच्या आत पूर्ण बदल करून टाका, नंतर अर्ध्यावर ठेवू नका, कारण दोन ग्रिप घेऊन स्पर्धा खेळता येत नाहीत. वीस बॅकहँड होत नसतील, किंवा सामने सुरू झाल्यावर तिची ती पंधरा मिनिटं आपोआप बंद पडली असतील, तर पेनहोल्डचं ब्लेड हौसेसाठी घरी राहू द्या आणि शेकहँडच्या बॅटचं रबर दर महिन्याला उजेडात धरून बघत जा.